वहीतले शून्य

आज पहाटे पाणी प्यायला उठलो तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता आणि आई ओट्यापाशी उभी राहून पातेल्याच्या तळाचा रात्रीचा भात वाटीत काढून खात होती. मला पाहताच तिने ती वाटी पाठीमागे नेली. सत्तरी ओलांडलेली बाई, स्वतःच्या घरात, मुलाने शिजत घातलेला भात खाताना खाऊ चोरणाऱ्या लहान मुलासारखी वाटी लपवते, हे दृश्य दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून हललेले नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. लांबले तर सांभाळून घ्या.

तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल की गेल्या महिन्यात मी इथेच मोठ्या दिमाखात, आमच्या घरात टाकले जाणारे अन्न शून्यावर आले अशी पोस्ट लिहिली होती. त्याच्या काही महिने आधी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 सालचा अहवाल वाचनात आला होता. 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले, त्यातले जवळजवळ 60 टक्के घराघरांतून गेले आणि त्याची सरासरी माणशी 79 किलो पडते, हे वाचून मी हादरलो होतो. (त्यात साली, बिया, हाडेही धरलेली आहेत. तरीही आकडा लाज वाटण्याजोगाच आहे.) मग मी फ्रिजच्या दाराला दोरीने एक वही अडकवली आणि घरात फर्मान काढले की जे टाकाल ते आधी लिहा, अंदाजे किमतीसह. पहिल्या महिन्यात चार पाने भरली, दुसऱ्या महिन्यात एक आणि तिसऱ्या महिन्याच्या पानावर मी तांबड्या शाईने शून्य काढले. त्या शून्याचा फोटो तुम्ही पाहिला आहे, अभिनंदनही केले आहे. एकाने तर ‘तुमच्यासारखी शिस्त आमच्या घरात कधी येणार’ असे लिहिले होते.

ते शून्य आईने खाल्लेले होते.

आज सकाळी मी तिच्याशी शांतपणे बोललो. आधी तिने उडवून लावले, ‘अरे, मला भूकच लागली होती,’ म्हणाली. मग हळूहळू एकेक बाहेर आले. माझ्या मुलाने अर्धा टाकलेला ब्रेडचा तुकडा, कालच्या भाजीचा तळ, दोन दिवसांपूर्वीचा भात, एका बाजूने मऊ पडलेली फळे, हे सगळे ती आमची पाठ फिरली की संपवत होती. आमची ताटे ताज्या अन्नाने वाढून झाली की स्वतःच्या ताटात थोडेसे घ्यायची आणि नंतर उभ्या उभ्या उरलेले खायची. का, असे विचारले तर म्हणाली, ‘तू वहीत लिहितोस ना रे, मग टाकवत नाही.’ हे वाक्य ऐकल्यावर ती वही फाडून टाकावी असे वाटले.

आता रागावतो, आणि सर्वांत आधी स्वतःवर रागावतो. कारण खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. कचऱ्याचा डबा रिकामा होत गेला, तरी महिन्याचा किराणा आणि भाजी यांचा खर्च मात्र जवळजवळ होता तिथेच राहिला. मी त्याचे खापर महागाईवर फोडले, विषय संपला. साधा हिशेब मला सुचू नये? आपण आधी टाकत होतो तेवढे अन्न खरोखर वाचले असते, तर तेवढे अन्न विकत घ्यावे लागले नसते आणि बिल उतरले असते. बिल उतरत नाही याचा अर्थ आपण पूर्वीइतकेच आणतो आहोत, पूर्वीइतकेच शिजवतो आहोत आणि जादाचे कुठेतरी जिरते आहे. पूर्वी ते डब्यात जिरत होते, आता आईच्या पोटात. पैसे दोन्ही वेळा गेलेच, कारण ते पैसे भाजी पिशवीत पडली तेव्हाच खर्च झाले होते, टाकताना नव्हे. नको असताना गिळलेल्या घासाला बचत म्हणायचे असेल तर मग दुकानातून दुप्पट आणून दुप्पट जेवणारा माणूस सर्वांत काटकसरी ठरेल.

आणि तुम्ही, होय, तुम्हीसुद्धा. ‘आमच्याकडे काहीही वाया जात नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येकाने आज रात्री एवढेच पाहावे की आपल्या घरात शेवटी कोण जेवते आणि काय जेवते. मला उत्तर ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. बहुतेक घरांत ती एक बाई असते, आणि जिथे ती नसते तिथे घरकामाला येणारी बाई असते, जिच्या हातात आपण तिसऱ्या दिवसाचे अन्न ठेवतो आणि वर उपकार केल्याचे समाधान मिळवतो. जे आपल्या मुलाला वाढणार नाही ते दुसऱ्याला देताना जीभ कशी अडखळत नाही?

हे मान्य करतो की उरलेले अन्न खाणे यात मुळात काहीही वाईट नाही. कित्येक पदार्थ दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागतात आणि आईला शिळा भात खरोखर आवडतही असेल. पण मग तो सर्वांच्या ताटात यावा, तोही दिवसा, बसून.

शिळ्या भाताची आणखी एक गोष्ट आहे आणि तीच आज मला सर्वांत जास्त बोचते आहे. तो भात रात्रभर ओट्यावर होता. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि शिजलेला भात तासन्‌तास उघड्यावर कोमट राहिला की ते वाढून जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जाईलच असे नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा असतो आणि फ्रिजही 5 अंशांच्या आत थंड असावा लागतो. हे सगळे मला माहीत होते. वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. मात्र रात्री जेवण झाल्यावर ते पातेले झाकून तसेच ठेवून मी झोपायला गेलो, कारण मनात कुठेतरी पक्के होते की आई बघेल. आईने बघितले. पाठीमागे धरलेल्या त्या वाटीत माझा आळस होता.

दुपारी जरा शांत झाल्यावर वहीची सुरुवातीची पाने पुन्हा वाचली. पहिल्या महिन्यातल्या नोंदी प्रामाणिक होत्या आणि खरे शिकण्यासारखे तिथेच होते, पण मी शून्याच्या नादात ते सोडून दिले. पालेभाजी पाच वेळा टाकलेली आहे. ती दर आठवड्याला मीच आणत होतो, कारण बाजारात उभे असताना मला मी पालेभाजी खाणारा माणूस आहे असे वाटते आणि घरी आल्यावर तसे वाटत नाही. शिवाय ती ओलीच पिशवीत कोंबून, पिकत्या केळ्यांच्या आणि सफरचंदांच्या शेजारी ठेवत होतो. ही फळे पिकताना एथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने शेजारची पाने लवकर पिवळी पडतात. कोरड्या कापडात गुंडाळून वेगळी ठेवली असती तर आणखी काही दिवस टिकली असती. अर्थात टिकली असती म्हणून खाल्ली असती असे नाही.

ब्रेड तीन वेळा टाकला आहे, तिन्ही वेळा एकावर एक फुकट मिळाला म्हणून आणलेला दुसरा पुडा. त्यातला एक तर पाकिटावरची तारीख कालची होती एवढ्यासाठी मुलाने सरळ डब्यात टाकला. वास घेतला नाही, बुरशी पाहिली नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चवीची आणि ताजेपणाची असते, त्या रात्री बारा वाजता ब्रेडचे विष होत नाही. ‘यूज बाय’ लिहिलेले असेल तिथे मात्र ती तारीख सुरक्षिततेची असते आणि तिथे काटकसर करू नये. दुसरा पुडा आणल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकला असता तर प्रश्नच नव्हता. पण खरा प्रश्न असा की आम्हाला दुसरा पुडा हवा होता का? फुकट या शब्दापुढे माझी बुद्धी चालत नाही, हे कबूल करतो. मोठ्या कुटुंबाला मोठे पाकीट परवडते हे खरे आहे. आमचे कुटुंब चार माणसांचे आहे.

आणि भात. भाताची नोंद सर्वांत जास्त वेळा आहे. कोरडा तांदूळ शिजून साधारण तिप्पट होतो हे कोणाला ठाऊक नाही? तरीही मी रोज मापाने तांदूळ घेतो आणि वर एक मूठ टाकतो. का टाकतो? ‘कमी पडायला नको’ म्हणून. हे वाक्य आपल्या घराघरांत इतक्या प्रेमाने बोलले जाते की त्याची किंमत कोणी मोजत नाही. रोजच्या त्या मुठी एकत्र केल्या तर महिन्याला निदान किलोभर तांदूळ भरतील. चार माणसांसमोर भांडे रिकामे झालेले दिसले तर वाढणाऱ्याची अब्रू जाते अशी आपली समजूत आहे, आणि ती अब्रू राखण्यासाठी आपण रोज जादाचे शिजवतो, मग ते संपवण्यासाठी एक माणूस नेमतो. नेमतो असे कोणी म्हणत नाही, तो माणूस आपोआप नेमला जातो.

हे लिहिताना माझा राग उतरत चालला आहे आणि त्या जागी जे येते आहे ते अधिक त्रासदायक आहे. आईला मी पहाटे जरा चढ्या आवाजात म्हणालो, ‘हे असले खाऊन आजारी पडलीस तर?’ तेव्हा ती काही बोलली नाही, वाटी विसळून पालथी घातली आणि ओटा पुसला. मला ओरडायचा अधिकार होता का? तिने आयुष्यभर हेच केले आहे. मी शाळेत होतो तेव्हाही ती शेवटी जेवत असे आणि तेव्हाही पातेल्याचा तळ तिचाच असे. मला ते कधी दिसले नाही. वहीमुळे दिसले म्हणावे तर वहीनेच ते आणखी लपवले.

काही जण म्हणतील की एवढ्याशा भाताचा एवढा बाऊ कशाला. असेल बाऊ. ती वाटी तुमच्या आईने पाठीमागे नेलेली नाही.

वही फाडली नाही. संध्याकाळी तिच्यात एक रकाना वाढवला आहे: उरले किती आणि ते कोणी खाल्ले. आईने पाहिले आणि म्हणाली, ‘माझे नाव लिहू नकोस हं त्यात.’ उरलेल्याची पाळी आता सर्वांची, पहिली माझी. आणि आज रात्री भात लावताना ती वरची मूठ मी घातली नाही. हात डब्यात गेला होता, परत काढला.

भात कमी पडला. फार नाही, दोन घास. मुलाने पातेल्यात डाव फिरवला, तळाशी काही लागले नाही, तेव्हा तो कुरकुरला. मी काही बोलणार एवढ्यात आईने आपले ताट त्याच्याकडे सरकवले आणि म्हणाली, ‘माझ्यातला घे, मला आज भूकच नाही.’

मी ते ताट परत तिच्यापुढे सरकवले. तिने पुन्हा त्याच्याकडे सरकवले.