"केमोने निम्मे पेशंट महिन्यात जातात" हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: ब्रिटनच्या सरकारी अभ्यासात म्हणे सिद्ध झालं की केमो घेणारे ५० टक्के पेशंट महिन्याभरात मरतात आणि तेही कॅन्सरने नाही, औषधाने. केमोचा फायदा फक्त २ टक्के. ७५ टक्के डॉक्टर स्वतःवर वेळ आली तर केमो घेणार नाहीत. ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये, निम्म्या लोकांना साखरेच्या गोळ्या देतात. आणि सगळ्यात शेवटी सल्ला, की केमोनंतर ताप आला तर घाबरू नका, शरीर विष बाहेर टाकतंय, हॉस्पिटलात न नेता घरीच आराम द्या.

हा शेवटचा सल्ला आधी घेतो कारण बाकीचे आकडे चुकले तर डोक्यात गैरसमज राहील, हा चुकला तर माणूस हातचा जाईल.

केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते, त्यात कॅन्सरच्या पेशी असतात तशा बोनमॅरोमधल्या (हाडांच्या आतल्या मगजातल्या) रक्त तयार करणाऱ्या पेशीही असतात. त्यामुळे बऱ्याच औषधांमध्ये डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. घरात कोणाची केमो चालू असेल तर सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट काढून बघा. समजा टोटल डब्ल्यूबीसी (एकूण पांढऱ्या पेशी) ९०० आहे आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २० टक्के, तर ९०० चे २० टक्के म्हणजे १८०, हा झाला एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा. ५०० च्या खाली गेला की डॉक्टर त्याला गंभीर धरतात. अशा पेशंटला इन्फेक्शन झालं तरी पू दिसत नाही, कधीकधी छातीचा एक्स-रेसुद्धा क्लिअर येतो, कारण पू बनतो तो याच पेशींचा आणि त्याच शिल्लक नसतात. जंतू बाहेरून यायचीही गरज नसते, स्वतःच्या आतड्यातले जंतूच रक्तात उतरतात. दिसतो तो फक्त ताप, आणि पेशंट स्टिरॉइडवर असेल किंवा कोणी पॅरासिटामॉल देऊन ठेवली असेल तर तोही झाकला जातो.

म्हणून नियम सरळ आहे, एकदा जरी ३८.३ सेल्सिअस म्हणजे १०१ फॅरनहाइट ताप भरला किंवा ३८ (१००.४ फॅरनहाइट) तासभर टिकला तर लगेच हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तिथे ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का बघायची तपासणी) घेतात आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात देतात. डे-केअरमधल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ती पहिल्याच केमोला हे बजावून सांगते.

हे शहाणपणही रिसर्चमधूनच आलंय. १९६६ मध्ये ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटवर दाखवलं गेलं की न्यूट्रोफिल जितके खाली तितका इन्फेक्शनचा धोका वर. तेव्हा कल्चर येईपर्यंत थांबायची पद्धत होती आणि काही जंतू असे की रिपोर्ट यायच्या आत पेशंट जायचा. १९७१ च्या सुमारास थांबायचं नाही, आधी औषध सुरू करायचं, हा विचार पुढे आला. १९९१ मध्ये अमेरिकेत फिलग्रास्टिमला मंजुरी मिळाली, पांढऱ्या पेशी वाढवणारं तेच ते इंजेक्शन. २००० मध्ये मास्क (MASCC) स्कोअर आला, म्हणजे अशा ताप आलेल्या पेशंटचा धोका मार्कांत मोजायची पद्धत, त्यात २१ किंवा जास्त मार्क असले तर धोका कमी धरतात आणि अशा काही पेशंटला नीट तपासून घरून औषधं देता येतात. म्हणजे 'घरी ठेवा' हे काही जणांना लागू आहे, पण ते तपासणीनंतर डॉक्टर ठरवतात, मेसेज नाही. आणि ज्यांना ॲडमिट करावं लागतं त्यांच्यात आजही मृत्यू होतात, अमेरिकेतल्या २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण १० टक्क्यांच्या जवळपास होतं. हे लपवायचं काहीच कारण नाही. केमोचे धोके खरे आहेत म्हणून तर तासाभराचा हट्ट.

आता तो ५० टक्क्यांचा आकडा. अभ्यास खरा आहे, २०१६ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आला, पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा. २०१४ मध्ये उपचार घेतलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या २३ हजारांहून जास्त आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या साडेनऊ हजारांहून जास्त पेशंटचा. त्यात ३० दिवसांतले मृत्यू मोजले, आणि इथेच सगळी गोम आहे, मृत्यू कुठल्याही कारणाने झालेला असो तो मोजला. कॅन्सर वाढून गेला, हार्ट अटॅक आला, इन्फेक्शन झालं, सगळे एकाच रकान्यात. तरीही अभ्यासात आलेला एकूण आकडा ब्रेस्टला २.४ टक्के आणि फुफ्फुसाला ८.४ टक्के होता. मग ५० कुठून आला? एका हॉस्पिटलच्या फुफ्फुसाच्या पेशंटचा आकडा ५०.९ होता आणि तिथे पेशंटच अगदी मोजके होते, हे तो आकडा देणाऱ्या बातमीतच लिहिलेलं होतं. मेसेज बनवणाऱ्याने हॉस्पिटल गाळलं, 'मोजके' गाळलं आणि ५० तेवढा ठेवला.

शिवाय ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बरं करायच्या हेतूने केमो दिलेल्यांचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत होतं. जास्त मृत्यू होते ते ज्यांचा आजार आधीच पसरलाय आणि केमो त्रास कमी करायला, थोडा वेळ मिळावा म्हणून दिलीय त्यांच्यात. अशा पेशंटचा महिन्यातला मृत्यू औषधाच्या नावावर टाकायला आधार काय? अभ्यास केला होता तो हॉस्पिटलांनी स्वतःला तपासावं म्हणून, की आपण फार खचलेल्या पेशंटला केमो देतोय का. मला तर हा प्रामाणिकपणा वाटतो, आणि त्याचंच हत्यार करून घाबरलेल्या घरांवर फेकलं जातंय याचा मनापासून राग येतो.

फायदा फक्त २ टक्के हा आकडा २००४ च्या एका ऑस्ट्रेलियन संशोधन पेपरातला. त्यांनी २२ प्रकारच्या कॅन्सरचे सगळे नवे प्रौढ पेशंट हिशोबात धरले, ज्यांचं नुसत्या ऑपरेशनने भागलं आणि केमो द्यायचीच नव्हती तेसुद्धा. चष्म्याचा उपयोग किती हे काढताना ज्यांना नंबरच नाही त्यांनाही मोजायचं, तसं झालं हे. वर ल्युकेमिया वगळलेला, लहान मुलं वगळलेली, म्हणजे केमो जिथे सगळ्यात जास्त चालते तेच बाहेर. आणि त्याच पेपरात वृषणाच्या कॅन्सरला आणि हॉजकिन्सला (लिम्फ ग्रंथींच्या एका कॅन्सरला) पेशंट जगण्यातला केमोचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास दिलाय, ती ओळ कोणी फॉरवर्ड करत नाही. वृषणाचा पसरलेला कॅन्सर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध येण्याआधी दहातल्या एखाद्याचाच बरा व्हायचा, आता दहातले आठ बरे होतात. मुलांमधला एएलएल हा रक्ताचा कॅन्सर साठ वर्षांपूर्वी जवळपास मरणच होतं, आज चांगले उपचार मिळणाऱ्या ठिकाणी ९० टक्क्यांच्या आसपास मुलं जगतात.

७५ टक्क्यांचा तो डॉक्टरांचा सर्व्हे तर १९८५ चा आहे. कॅनडात ११८ डॉक्टरांना प्रश्नावली पाठवली, ७९ जणांनी उत्तर दिलं, प्रश्न फक्त फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरच्या ट्रायलबद्दल होता आणि उलट्या आवरणारी ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी औषधं तेव्हा बाजारात नव्हती. १९९७ मध्ये तसाच प्रश्न अमेरिकेत विचारला तेव्हा साधारण ६५ टक्के 'घेऊ' म्हणाले. विषय संपला.

साखरेच्या गोळ्यांचं एवढंच, की चांगला उपचार उपलब्ध असताना पेशंटला नुसत्या प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या गोळीवर, ठेवत नाहीत. नेहमीचा उपचार दोन्ही गटांना मिळतो, त्यावर एका गटाला नवं औषध आणि दुसऱ्याला प्लासिबो असं असतं. त्रास किंवा मृत्यू जास्त दिसले तर बाहेरची स्वतंत्र समिती ट्रायल थांबवू शकते. आणि पेशंट कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकतो.

मेसेजमध्ये एक खरी भीती दडलेली आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. शेवटच्या टप्प्यावर केमो ओढत राहणं चुकीचं ठरू शकतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की आयुष्याच्या शेवटाकडे दिलेल्या केमोने ज्यांची तब्येत बऱ्यापैकी होती त्यांचेच शेवटचे दिवस जास्त वाईट गेले. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ही केमो बरं करायला आहे की आराम पडावा म्हणून, आणि नाही घेतली तर काय होईल. आयसीयूबद्दलही विचारा. २००७ मध्ये फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरवर गेलेल्या कॅन्सर पेशंटना आधी काही दिवस पूर्ण उपचार दिले, मग पुढचं ठरवलं. पाचेक जणांतला एक जगून घरी गेला, आणि तो कोण असणार हे पहिल्या दिवशीच्या तपासण्यांवरून सांगता येत नव्हतं.

आणि शेवटी २०१० ची १५१ पेशंटची एक ट्रायल. पसरलेला फुफ्फुसाचा कॅन्सर, अर्ध्या लोकांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्याच्याच जोडीला पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं, दम लागणं, मनाची घालमेल यांच्याकडे वेगळं लक्ष. दुसऱ्या गटाला शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी दिले गेले, त्यांचे दिवस बरे गेले, आणि तरी ते जास्त जगले, ८.९ महिन्यांच्या जागी ११.६. हेही कळलं ते पेशंट ट्रायलमध्ये यायला तयार झाले म्हणूनच.