चीनमधे म्हणे कुणी केमो घेतच नाही!

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय. "चीनमधे कॅन्सर पेशंट केमो घेत नाहीत, पाच हजार वर्षं जुन्या जडीबुटीवर बरे होतात, साइड इफेक्ट शून्य, औषध कंपन्या हे दाबून ठेवतात." ज्यांच्या घरात पेशंट आहे तेही हे वाचतायत, म्हणून एकेक बघूया.

केमो घेत नाहीत? अहो, तिकडे केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं चालतं आणि पेशंट काढे घेतात ते बहुतेक वेळा त्याच्या जोडीला. त्यांचा हिशोब असा की पाश्चात्य औषध गाठीवर घाव घालतं आणि चिनी औषध मुळाशी जाऊन अंगातली ताकद टिकवतं, याला ते 'फूझंग' म्हणतात, म्हणजे केमो सोसता यावी, मळमळ थकवा कमी व्हावा म्हणून काढा. बीजिंगच्या ग्वांगआनमन हॉस्पिटलात तर चिनी औषधवाल्यांचा कॅन्सर विभागच आहे. आपल्याकडे केमो चालू असताना गव्हांकुराचा रस नि गुळवेल चालूच असते ना, तसंच. पथ्यही आहे बरं का, कोंबडा, मासळी, मटण 'फावू' म्हणजे आजार उफाळवणारं म्हणून बंद, आणि ऐन केमोत प्रोटीन कमी पडतं म्हणून तिथले डॉक्टर वैतागतात.

साइड इफेक्ट शून्य? १९९०च्या आसपास ब्रसेल्समधे वजन उतरवायच्या क्लिनिकमधे बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या, त्यात भलतीच वनस्पती आली, अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड नावाचं विषारी द्रव्य असलेली. शंभरेक जणींच्या किडन्यांची वाट लागली आणि पुढे त्यातल्या बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. हो, कॅन्सरच.

पाच हजार वर्षं सोडून द्या, जुनं म्हणून गुणकारी असं काही नसतं.

कंपन्या दाबतात हे तर उलटंच आहे. हार्बिनच्या झांग टिंगडाँग यांनी १९७०च्या दशकात एका गावठी नुस्ख्यातलं आर्सेनिक निवडून ब्लड कॅन्सरच्या पेशंटना दिलं, एपीएल नावाच्या प्रकारात ते इतकं लागू पडलं की २००० साली अमेरिकेने मंजूर केलं. आणि चिनी 'शी शू' झाडातनं कॅम्प्टोथेसिन काढलं १९६६ला, मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत. इरिनोटेकॅन, टोपोटेकॅन ही केमोची औषधं त्यातनंच आली. (तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात आहे, म्हणून तर त्याची चोरून तोड होते.) म्हणजे जडीबुटी हवी, केमो नको म्हणणाऱ्याला लागलेल्या सलाईनमधे झाडच असू शकतं, फक्त मोजून मापून.

नुसत्या पर्यायी उपचारांवर राहिलं तर काय होतं? २०१८चा येल विद्यापीठाच्या डॉक्टरांचा अमेरिकन पेशंटवरचा अभ्यास आहे, असे २८१ जण आणि नेहमीचे उपचार घेतलेले ५६०, पहिल्यांमधे मरणाचा धोका अडीच पट. यात फक्त चिनी औषधवाले नव्हते, पण कॅन्सर न पसरलेले, म्हणजे बरे व्हायची चांगली शक्यता असलेले पेशंट होते हे लक्षात घ्या.

काढा चालू आहे हे कॅन्सरच्या डॉक्टरला न सांगायची खोड मात्र तिकडेही आहे आणि आपल्याकडेही, मग लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की डॉक्टर केमोमुळेच झालं समजून तिचा डोस कमी करतो आणि काढ्याची पुडी घरी तशीच चालू राहते.