नमाज पढलीस का?

आमच्या घरात हा प्रश्न दिवसातून पाच वेळा विचारला जायचा. विचारणारी मी, आणि थोरल्याचं उत्तर ठरलेलं: "हो अम्मी, पढलो." एकदा असरच्या (दुपारनंतरच्या नमाजच्या) वेळी तो खोलीतून बाहेर आला आणि माझं लक्ष त्याच्या कोपरांकडे गेलं. नमाजआधी वजू करतात, म्हणजे तोंड, कोपरांपर्यंत हात, पाय धुतात, ओला हात डोक्यावरून फिरवतात; ही तर कोरडी ठणठणीत. केसही कोरडे, मुसल्ला (नमाजची चटई) सकाळी मी घडी घातला होता तसाच. मी काही बोलले नाही. रागच आला नाही खरं तर, पोटात खड्डा पडला. नमाज शिकवायला निघाले होते आणि पोराला खोटं बोलायला शिकवून बसले.

आपल्याकडे नमाजचा विषय निघाला की एक हदीस (पैगंबरांचं वचन) हमखास ऐकवली जाते: मूल सात वर्षांचं झालं की नमाजला सांगा, दहाव्या वर्षी पढली नाही तर मारा. लोकांच्या लक्षात राहतो तो शेवटचा शब्द. मधल्या तीन वर्षांचा हिशेब कुणी करत नाही. हिजरी (इस्लामी चांद्र) वर्ष साधारण 354 दिवसांचं, रोज पाच वेळा, म्हणजे पाच हजारांहून जास्त वेळा नुसतं सांगायचं, सोबत घ्यायचं. तेवढं आपल्यापैकी कितीजणांनी केलंय? मी तरी नव्हतं केलं. सातव्या वर्षी "लहान आहे अजून" आणि तेराव्या वर्षी एकदम आरडाओरडा. उलेमांनीही (धर्मपंडितांनी) त्या माराला इतक्या अटी घातल्यात की रागाने उठलेला हात त्यात बसतच नाही. हजरत अनस लहान वयात पैगंबरांच्या (स.) खिदमतीत (सेवेत) आले, दहा वर्षं राहिले, आणि त्या दहा वर्षांत आपल्याला "उफ" सुद्धा ऐकावं लागलं नाही असं ते सांगतात. नातू सजद्यात (कपाळ जमिनीला टेकलेलं असताना) पाठीवर चढला तेव्हा पैगंबरांनी सजदा लांबवला, त्याला घाईने उतरवलं नाही. आणि आपण? धाकटी मुसल्ल्यासमोरून पळाली की सलाम फिरवल्याबरोबर (नमाज संपताच) डोळे वटारतो.

मग मी विचारणंच बंद केलं. दोन मुसल्ले अंथरायचे आणि "मी मगरिब पढतेय, येतोस?" एवढंच म्हणायचं; मगरिब म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज. पहिले कित्येक दिवस दुसरा मुसल्ला रिकामाच. फार जड गेलं हो ते. कुराणात घरच्यांना नमाजचा हुकूम द्यायला सांगितलंय (सूरह ताहा, आयत 132), त्याला लागूनच "स्वतःही त्यावर कायम राहा" असं आहे. हा दुसरा भाग किती कठीण आहे ते तेव्हा कळलं. माझी स्वतःची इशा (रात्रीची नमाज) मोबाईल बघता बघता किती वेळा लांबायची, ते पोरं बघतच होती की.

एके रात्री त्यानेच विचारलं, "मन लागत नाही, मग पढून काय फायदा?" मी म्हटलं, माझंही रोज लागत नाही. तो बघतच राहिला. मग आम्ही सूरह फातिहाच्या, म्हणजे प्रत्येक रकातीत म्हणायच्या कुराणाच्या पहिल्या अध्यायाच्या, सात आयती (वचनं) घेऊन बसलो, मराठीत अर्थ लावत. फर्ज (सक्तीच्या) तेवढ्या मोजल्या तरी दिवसाच्या सतरा रकाती (नमाजची आवर्तनं), म्हणजे सतरा वेळा हा मुलगा "आम्हाला सरळ मार्ग दाखव" म्हणत होता आणि त्याला पत्ताच नव्हता! आपण पाठांतर घेतो, अर्थ मागे राहतो.

मुलींच्या आयांना एक सांगायचंय. पाळीच्या दिवसांत नमाज माफ आहे, तिची कजाही (नंतर भरपाईची नमाज) नाही. तरी भावांसमोर, काकांसमोर "आज का नाही पढलीस?" असं विचारलं जातं, आणि पोरगी लाजेने नुसतीच मुसल्ल्यावर जाऊन उभी राहते. कृपा करून घरातल्या पुरुषांना एकदा नीट समजावून सांगा.

फजरबद्दल (पहाटेच्या नमाजबद्दल) माझं मत थोडं सैल आहे. या वयात झोपच उशिरा येते, शरीराचं घड्याळ पुढे सरकलेलं असतं. म्हणून मी रात्रीचा मोबाईल लवकर काढून घेते आणि सकाळी पायाला हात लावून उठवते, पांघरूण ओढत नाही. राहिलीच, तर उठल्यावर पढायची. डोळे उघडताच बोलणी खायची नाहीत.

थोरला आता पंधराचा झालाय. गेल्या महिन्यात घरी जमात (सगळ्यांची एकत्र नमाज) झाली तेव्हा यांनी त्याला नमाज पढवायला पुढे उभं केलं. मधेच आयत विसरला, मागून यांनी हळूच लुकमा दिला (विसरलेले शब्द सांगितले), तो सावरला. नंतर त्या चुकीबद्दल कुणीही काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मगरिबच्या आधी बाथरूममधून नळाचा आवाज आला. इशाचं अजून काही खरं नाही.