गाळ्याच्या मालकाचा फोटो का येत नाही?

आज दुपारी एजंटचा फोन आला. "वहिनी, पार्टी नाही म्हणतेय."

सिन्नरचं जोडपं होतं, दोन लहान मुली. रविवारी आमचा फ्लॅट बघून गेले, सगळं पसंत पडलं, आज टोकन द्यायला येणार होते. खाली गाडी लावताना त्यांना पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यातल्या 'स्पा'ची काळी काच दिसली आणि जिन्यात घुटमळणारी चार पोरं दिसली. वर आलेच नाहीत. नाशिकच्या गंगापूर रोडला घर म्हटलं की लोक डोळे मिटून विकत घेतात म्हणे. मागच्याच गल्लीत, त्याच बिल्डरचा, तेवढाच फ्लॅट दिवाळीत सहा लाख जास्तीने गेला. आमचे ते सहा लाख गाळ्याच्या मालकाच्या भाड्यात गेलेत, दुसरीकडे कुठे नाही.

पैशाचंही सोडा. जूनमध्ये माझी लेक क्लासवरून येत होती. अकरावीत आहे, पाठीला सॅक. जिन्यात माझ्या नवऱ्याच्या वयाचा एक माणूस तिला म्हणाला, "नवीन आलीस का इथे?" हे तिने मला चार दिवसांनी सांगितलं. ते चार दिवस ती लिफ्टने येत होती आणि मी तिला ओरडत होते, दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्ट कशाला लागते तुला म्हणून.

सगळे स्पा तसे नसतात, मान्य. आमच्याकडे चोऱ्यामाऱ्या वाढल्या का, तर नाही, तेही मान्य. पण पोलिसांच्या वहीत न चढणारं जे घडतं त्याचं काय? तिच्या त्या चार दिवसांची एफआयआर कुठे होते?

मागच्या वर्षी इथे धाड पडली होती. पेपरात ओढणीने तोंड झाकलेल्या मुलींचा फोटो आला. २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की धाडीत सापडलेल्या बायकांची ओळख उघड होऊ देऊ नका. पण फोटो त्यांचाच. मालकाचं नावसुद्धा नाही! तीन महिन्यांत नवा बोर्ड लागला, नवं नाव, काच तीच.

आणि आमचे चेअरमन काय म्हणतात? "मालक मेंटेनन्स वेळेवर भरतो हो." गणपतीला पाच हजार एक वर्गणी देतो म्हणून पहिली आरती त्याच्या हातून. स्वतः राहतो दुसऱ्या टोकाला, बंगल्यात. त्याच्या जिन्यात त्याच्या मुलीला कोणी विचारतं का, नवीन आलीस का?

संतापाने कायदा काढून वाचला. १९५६ चा, वेश्याव्यवसायाविरुद्धचा, ज्याला सगळे 'पिटा' म्हणतात. जागा कशासाठी वापरली जातेय हे माहीत असून भाड्याने देणारा मालकही त्यात गुन्हेगार आहे. धाडीत तिथे तसा धंदा सापडल्याची बातमी त्याच्या भागातल्या पेपरात आली, की त्याला ते माहीत होतं असंच कायदा धरून चालतो. नव्हतं माहीत, तर त्याने सिद्ध करावं. शाळा, देऊळ, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत असेल तर मॅजिस्ट्रेट नोटीस काढून सात दिवसांत जागा रिकामी करायला लावू शकतात. नंतर वर्षभर त्यांच्या मंजुरीशिवाय ती भाड्याने देता येत नाही. अल्पवयीन मुलगी सापडली असेल तर तीन वर्षं. आणि आपण? एक अर्ज केला नाही कोणी. मीही नाही.

२००५ साली डान्सबार बंद झाले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी चुकीची ठरवली तेव्हा चिडले होते. मधल्या आठ वर्षांत त्या मुली कुठे गेल्या, काय खात होत्या, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही.

आता येतो. एप्रिलमध्ये भर दुपारी लाईट गेली होती आणि दारावर टकटक झाली. खालच्या स्पामधली मुलगी. मान खाली घालून म्हणाली, "काकू, एक पॅड मिळेल का?" माझ्या लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. पॅड दिलं, पाणी दिलं. उंबऱ्याच्या आत आली नाही. आत ये असं मीही म्हणाले नाही. धाडीनंतरच्या फोटोत अशाच मुली होत्या, आणि तो फोटो मी आमच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता. मघापासून हे लिहू की नको करत होते.

म्हणून "त्या बायकांना हाकला" असं कमेंटमध्ये कोणी लिहू नका. मला मालक हवाय.

रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीची मीटिंग आहे. अर्ज लिहून तयार आहे. शाळेचं फाटक परवा पावलांनी मोजून आले, १७० पावलं भरली. सह्या पंधरा हव्यात, आत्तापर्यंत चार झाल्यात, चारही बायकांच्या. बिल्डिंगमधले पुरुष हे वाचत असतील तर त्यांनी आज रात्रीच दार वाजवावं.

पावणेआठ झाले. लेकीचा क्लास सुटला असेल. जिन्यात जाऊन उभी राहते.