बोलण्याचं बक्षीस, लेखी अर्जाने

लॉ कॉलेजात वर्षाअखेरीस उत्कृष्ट तोंडी युक्तिवादाचं पारितोषिक निघतं. बेंचसमोर कोण चांगलं बोलतं, हे ठरवायचं असतं. त्यासाठी मागतात काय? बोनाफाईड, सर्टिफिकेटांच्या साक्षांकित प्रती, मेमोरियल (म्हणजे लेखी युक्तिवाद), शिफारसपत्र आणि ‘मी पात्र का’ यावर पाचशे शब्द. तोंड उघडायचं काम कुठेच नाही.

या कलेचा सरकारमान्य भावही बेताचाच आहे. बार काउन्सिलच्या 2008 च्या नियमांत तीन मूट (म्हणजे सरावाचे लुटुपुटूचे खटले), प्रत्येकी 10 गुण. त्यातले 5 लेखी, 5 तोंडी. म्हणजे घसा बसेपर्यंत भांडून जास्तीत जास्त 15.

अर्जातला पहिला खड्डा पुराव्याचा. मूटमध्ये टीमला कोड असतो आणि कॉलेजचं नाव तोंडातून निसटलं तरी दंड बसतो. त्यामुळे गुणपत्रिकेवर फक्त ‘टीसी 14, स्पीकर 2’. सर्टिफिकेटवर नुसतं ‘सहभाग घेतला’. आता स्पीकर 2 म्हणजे आपणच, हे सिद्ध कसं करणार? विचारणारे साक्षीपुरावाच शिकवतात, त्यामुळे ‘सगळ्यांना माहीत आहे, सर’ चालत नाही. कोड आणि नावं जोडणारं शिक्क्याचं पत्र आयोजकांकडून त्याच दिवशी, जेवणाच्या रांगेतच मागून घ्यावं. महिन्याभरात समितीतली पोरं इंटर्नशिपला पांगतात आणि समितीचा ईमेल बेवारस होतो.

शिफारसपत्राचं उत्तर ठरलेलं: ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग स्वतःचीच स्तुती तृतीय पुरुषी करायची. ‘उत्तम संवादकौशल्य’ लिहू नका, ते प्रत्येकाच्या पत्रात असतं. कोणत्या राउंडला, कुठल्या प्रश्नावर, काय उत्तर दिलं, एवढं पुरे.

पाचशे शब्दांत निम्मे उमेदवार नामवंत वकील नानी पालखीवालांपासून सुरुवात करतात. त्यांनी लढवलेला केशवानंद भारती खटला, 13 न्यायमूर्ती, 68 दिवस! आणि आपला राउंड? पंधरा मिनिटांचा, त्यातली सात न्यायाधीशांनीच खाल्लेली. त्यापेक्षा एकच प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, ‘काउन्सेल, हा मुद्दा तुमच्या याचिकेत नाहीच, मग आम्ही का ऐकावा?’ यावर आधी ‘नाही, माय लॉर्ड’ असं सरळ कबूल करायचं. मग, हा निव्वळ कायद्याचा प्रश्न आहे, लागणारी तथ्यं रेकॉर्डवर आहेत, म्हणून तो कोणत्याही टप्प्यावर उपस्थित करता येतो, असं सांगायचं. आणि लगेच आपल्या मूळ मुद्द्यावर परतायचं. ‘मी त्याकडे नंतर येतो’ म्हणणारा सहसा येत नाही, हे बेंचला माहीत असतं. (‘माय लॉर्ड’ऐवजी ‘युअर ऑनर’ म्हणा, असं बार काउन्सिलने 2006 मध्येच सांगितलंय. मूटमध्ये ते अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.)

मेमोरियल अपलोड करताना खरी पाचावर धारण बसते. मर्यादा दोन एमबीची, आणि मोबाईलवर रंगीत स्कॅन केलेली फाईल चाळीसची. वर्ड फाईल असेल तर थेट पीडीएफ करावी, स्कॅन फक्त सहीच्या पानाचं, तेही कृष्णधवल. शिवाय निळं कव्हर याचिकाकर्त्याचं, लाल प्रतिवादीचं. आपण ज्या बाजूने बोललो तीच फाईल लावायची. घाईत उलटं झालं की समिती शांतपणे विरुद्ध बाजूचे मुद्दे वाचत बसते.

छाननीतून तरलात तर शेवटी मुलाखत. तिथे पहिलाच प्रश्न येतो: ‘अर्जात लिहिलंच आहे सगळं, वेगळं काही बोलायचंय का?’