विमानाचं तिकीट, बोटीचा प्रवास आणि आजीचे पैसे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नॉटपेड (तिकीट नसलेल्या किंवा कमी तिकिटाच्या) परदेशी पत्रांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलीच कानउघाडणी केली आहे. उत्तर लांबणार हे दिसत होतं, म्हणून ते इथे वेगळं लिहितो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी हकिगत थोडक्यात अशी. १९६६ साली तुमच्या काकांनी अमेरिकेहून आजीला पत्र टाकलं. त्यावर आठ सेंटचं लाल तिकीट, चित्रात घुमटावरून उडणारं जेट विमान. पत्र गावी पोचायला दोन महिने लागले. पाकिटावरच्या ‘एअर मेल’वर दोन आडव्या जाड रेघा मारलेल्या, बाजूला ‘टी’ (पैसे वसूल करायची खूण) आणि ६/११ असे आकडे. पोस्टमनने पैसे घेतल्याशिवाय पत्र आजीच्या हाती दिलं नाही. तुमचा आरोप असा की विमानाचे पैसे घेऊन पत्र बोटीने धाडलं, वर दुप्पट दंड लावला, ६ नोव्हेंबरपासून ते कुठेतरी धूळ खात पडलं होतं, आणि माझ्यासारखे हौशी लोक या लुबाडणुकीला ‘टपाल-इतिहास’ म्हणून गोंजारतात.

आधी तारखेचं बघू. ६/११ ही तारीख नाहीच, तो अपूर्णांक आहे. (अमेरिकन माणसाने ६ नोव्हेंबर ११/६ असा लिहिला असता, ही आपली एक चहाटळ शंका.) तुमच्या पाकिटाची सगळी कुंडली त्या दोन आकड्यांत आहे.

घुमट कॅपिटॉलचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीचा, आणि ते आठ सेंटचं तिकीट अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानाने पत्र पाठवण्यासाठी होतं. भारतापर्यंत विमानाने यायचं तर अर्ध्या औंसाला २५ सेंट लागत. साध्या टपालाने, म्हणजे बोटीने, ११ सेंट. म्हणजे काकांचं तिकीट विमानाला १७ सेंटनी तोकडं होतंच, पण बोटीलाही ३ सेंटनी कमी पडत होतं. तिकिटावर विमान पाहून काकांची समजूत झाली की झालं काम. परदेशात नव्याने गेलेल्या कितीतरी जणांची तशी होत असे. तेव्हा ‘विमानाचे पैसे घेतले’ हे काही खरं नाही, बोटीचेसुद्धा पुरते मिळाले नव्हते.

आता अपूर्णांक. तूट ३ सेंट, तिची दुप्पट ६, तो अंश. अमेरिकेचा परदेशी साध्या पत्राचा पहिल्या वजनाचा दर ११ सेंट, तो छेद. मुंबईतल्या कारकुनाला डॉलरचा भाव माहीत असण्याची गरजच नव्हती. आपल्याकडच्या परदेशी पत्राच्या दराला ६/११ ने गुणायचं की वसुलीची रक्कम हाती. समजा तो दर ५५ पैसे असता, तर आजीकडून ३० पैसे घ्यायचे. ही पद्धत आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या १९६४ च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये (परिषदेत) ठरली आणि १९६६ च्या सुरुवातीपासून लागू झाली, म्हणजे तुमचं पाकीट तिच्या पहिल्याच वर्षातलं. त्याआधी ‘टी’शेजारी सोन्याच्या फ्रँकचे सेंटिम, म्हणजे शंभरावे भाग, लिहीत. हा फ्रँक तेव्हा कोणाच्या खिशात खुळखुळत नव्हता, तो फक्त हिशोबापुरता. प्रत्येक देश त्याचं आपल्या नाण्यात रूपांतर करून वसुली करी. त्या कोष्टकांपेक्षा हा त्रैराशिकाचा हिशोब मला फार देखणा वाटतो. याला गोंजारणं म्हणायचं तर खुशाल म्हणा.

मग उरलेले पैसे भारतात वसूल करून पत्र विमानानेच का नाही आणलं? तुमच्या प्रतिक्रियेतला हा प्रश्न मात्र नेमका आहे, आणि मूळ लेखात मी त्यावरून भरकन पुढे गेलो होतो.

१८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला हा टपाल संघ स्थापन झाला तेव्हापासूनचं तत्त्व असं होतं की ज्या देशाने टपालहशील वसूल केलं, ते त्याचंच. परत हिशोब करत बसायचं नाही. साध्या पत्रांत हे खपून जाई, कारण पत्रं दोन्हीकडून ये-जा करत. विमानाचं तसं नव्हतं. वाहतुकीचं भाडं वजनावर मोजलं जाई आणि ते पत्र जिथून निघालं त्या देशाच्या टपालखात्याला रोख भरावं लागे. काकांचं पत्र विमानात चढवलं असतं तर भाडं अमेरिकेने भरायचं आणि तुटीची वसुली भारताने ठेवायची! असा आतबट्ट्याचा व्यवहार कोण करील? म्हणून नियम असा होता की किमान हवाई अधिभाराइतके, म्हणजे विमानासाठीच्या जादा आकाराइतके, पैसे भरलेले असतील तर पत्र विमानाने न्यायचं. पाऊणपट अधिभार किंवा एकूण रकमेच्या निम्मे पैसे भरले असतील तरी मूळ देशाला तशी मुभा होती. त्याखाली गेलं की ‘एअर मेल’च्या चिठ्ठीवर दोन आडव्या रेघा मारून पत्र बोटीच्या थैलीत. तुम्हाला शिक्षेसारख्या वाटलेल्या त्या रेघा वाटेतल्या प्रत्येक टपालघरासाठी होत्या. त्या नसत्या तर निळ्या-लाल कडा पाहून कोणीतरी पत्र पुन्हा विमानाच्या थैलीत टाकलं असतं.

दोन महिन्यांचं म्हणाल तर काका तसे नशीबवान. तेव्हा सुएझ कालवा उघडा होता. जून १९६७ मध्ये तो बंद झाला तो थेट १९७५ पर्यंत, आणि बोटींना आफ्रिकेला वळसा घालावा लागला.

दुप्पट वसुलीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. चूक लेकाची आणि भुर्दंड आईला, याचं समर्थन होत नाही. १८९८ च्या आपल्या टपाल कायद्यात न उघडता पत्र नाकारण्याची सोय होती, मग ते पाठवणाऱ्याकडे परत जाई. पण परदेशी गेलेल्या मुलाचं पत्र दारात आलेलं असताना ‘नको, परत न्या’ म्हणणारी आई कुठे सापडणार? सगळी वसुली याच भरवशावर चालायची. दुसरे मार्ग नव्हते असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये पाठवणाऱ्याला कार्ड धाडून कमी पडलेली तिकिटं मागवत. अमेरिकेतही मागे पत्ता असेल तर जास्तीच्या तिकिटासाठी पाकीट परत देत. काकांनी आपला पत्ता लिहिला नव्हता असं दिसतं. पुढे दुप्पट आकारणी गेली आणि तुटीइतकी रक्कम अधिक हाताळणीचं शुल्क, अशी रीत आली.

‘पोस्टमनने पावती म्हणून तिकीट का नाही चिकटवलं?’ असंही तुम्ही विचारलंय. ब्रिटनमध्ये अशा वसुलीची खास तिकिटं होती. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातही १९०४ पासून होती. आपल्याकडे ती सर्रास कधी निघालीच नाहीत, रक्कम लिहिलेल्या शिक्क्यावर काम भागे. तेव्हा पोस्टमनवर खिसा भरल्याचा संशय घेण्याआधी पाकिटावर असा शिक्का आहे का ते बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती बाजू अंधारात आहे.

तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढून पाठवा, मागे मुंबईचा तारीखशिक्का असेल तर तोही स्पष्ट येऊ दे. आणि नातवंडांच्या वहीसाठी ते लाल तिकीट कापून काढण्याचा विचार असेल, तर कृपा करून थांबा.