ओटीपी येत नाही म्हणून म्हाताऱ्याला परत पाठवताय? आधी त्याचा इनबॉक्स बघा

"बाबा, हे डबडं फेका अन् टचवाला घ्या." सेवा केंद्रात बसलेल्या पोरानं काल सत्तरीतल्या शेतकऱ्याला हे सगळ्या रांगेदेखत ऐकवलं. बाबा सकाळच्या एसटीनं आले होते. केवायसी राहिल्यामुळं अतिवृष्टीचं अनुदान अडकलेलं, अंगठा मशीन घेईना, म्हणून ओटीपी मागवला आणि तोही येईना. पोरानं पुन्हा एकदा पाठवून बघितला, मान हलवली आणि पुढच्याला हाक मारली. बटणाच्या फोनवर वरच्या कोपऱ्यात बंद पाकिटाचं चित्र लुकलुकत होतं. फोन धड होता, नेटवर्कच्या दांड्या पूर्ण होत्या, नंबर आधारला जोडलेला होता. मेसेजची जागा भरली होती, बस! दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून लोकांचे ओटीपी टाकणाऱ्या माणसाला लुकलुकणारं पाकीट वाचता येऊ नये?

साध्या फोनमध्ये मेसेजला जागा असते ती काहीशेची. आणि बऱ्याच संचांत मेसेज आधी सिमवर साठतात. सिमवर तर जेमतेम पंचवीस-पन्नास मावतात. ती जागा भरते कशानं? रिचार्ज संपत आल्याचा मेसेज, संपल्याचा मेसेज, लोनची जाहिरात, रमीची जाहिरात. त्यात सरकारी योजनेचे मराठी मेसेज तर जास्तच जागा खातात. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. वर काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं वेगळं मोजलं जातं. मेसेज ७० च्या पुढं गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि सिमवर प्रत्येक तुकडा वेगळा कप्पा अडवतो. म्हणजे 'आपला अर्ज मंजूर झाला आहे' पासून सुरू होणारं लांबलचक अभिनंदन चार-पाच कप्पे खाऊन बसतं आणि ज्याच्यावर पैसे अडलेत त्या सहा आकड्यांना जागा उरत नाही.

उपाय काय? मेसेजमध्ये जा, इनबॉक्स उघडा, पर्यायमध्ये 'सर्व पुसा' असतं ते दाबा. पण त्याआधी बँकेचा किंवा कारखान्याच्या बिलाचा एखादा मेसेज ठेवायचा आहे का, ते म्हाताऱ्याला वाचून दाखवा आणि विचारा. न विचारता पुसणाऱ्यांचा मला तितकाच राग आहे. मग पाठवलेले आणि मसुदे हे कप्पेही रिकामे करा, कारण काही संचांत सगळ्यांची जागा एकच असते. फोनमधलं पुसून झालं तरी पाकीट लुकलुकतंय? मग सिमवरचे वेगळे पुसावे लागतील. ते झाल्यावर मेसेजच्या सेटिंगमध्ये साठवण्याची जागा 'सिम' असेल ती 'फोन' करा. हे एकदा केलं की ते गृहस्थ पुढचे कित्येक महिने तुमच्या दारात येणार नाहीत. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

आता यातली खरी मेख. जागा भरलेली असताना आलेले मेसेज लगेच नष्ट होत नाहीत, कंपनीच्या केंद्रात काही काळ अडकून राहतात. जागा झाली की ते सगळे धडाधड येतात. त्यात आधी मागवलेले दोन-तीन ओटीपीही असतात. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो आणि नवा मागवला की जुना चालेलच असं नाही. पोरगं घाईत वरचाच कुठला तरी आकडा टाकतं, 'चुकीचा ओटीपी' येतं आणि खापर पुन्हा फोनवर फुटतं. म्हणून जागा रिकामी केल्यावर दोन मिनिटं थांबा, तुंबलेले मेसेज उतरू द्या, तेही पुसा आणि मगच नवा मागवा. मेसेजवरच्या वेळेवर मात्र विसंबू नका. बॅटरी काढून घातली की स्वस्त संचांचं घड्याळ मागं जातं आणि काही संचांत आज आलेल्या मेसेजवर कुठली तरी जुनी तारीख दिसते.

हे ज्यांना माहीत नाही त्यांनी शिकून घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. पण माहीत नसताना म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत अडाणी ठरवायचं आणि दहा हजाराचा फोन घ्यायला सांगायचं, हा माज कुठून येतो? त्या बाबांचं गेलेलं सोयाबीन तुम्ही भरून देणार आहात का?

आणि घरचे तरी कुठं वेगळे आहेत! आजी नातवाला म्हणते, "बाळा, हे कसं करायचं सांग की." नातू फोन हिसकावतो, अंगठ्यानं खटाखट दाबतो, "झालं बघ" म्हणतो आणि परत देतो. आजीला काय दिसलं? नातवाचा अंगठा. शिकवायचं तर फोन तिच्याच हातात राहिला पाहिजे. बटण तिनं दाबायचं, तुम्ही फक्त तोंडानं सांगायचं, आणि चुकलं तर लाल बटणानं मागं यायचं हे सगळ्यात आधी शिकवायचं. लाल बटण दाबलं की जिथं असेल तिथून पहिल्या पडद्यावर येता येतं, एवढं एकदा हाताला कळलं की निम्मी भीती तिथंच जाते. दुसरं, एका बसणीत एकच गोष्ट. फोन उचलणं-ठेवणं आणि लॉक काढणं पक्कं झाल्याशिवाय नंबर साठवायला शिकवू नका.

लॉक काढायची तऱ्हाही प्रत्येक संचात वेगळी. एका संचात डावं बटण दाबून मग स्टार, दुसऱ्यात नुसता स्टार दाबून धरायचा. बॅटरी म्हणजे टॉर्च लावायची तर एका कंपनीत वरचं बटण दोनदा, दुसरीत शून्य दाबून धरायचा, तिसरीत बाजूला वेगळं बटण. विकणाऱ्यानं डबा फोडतानाच हे हातात धरून दाखवायला काय जातं? दुकानदार सिम घालतो, 'हॅलो हॅलो' करून बघतो, पैसे घेतो. भाषा इंग्रजीच ठेवतो. मोबाईलमध्ये भारतीय भाषा असल्या पाहिजेत यासाठी २०१६ मध्ये आयएस १६३३३ भाग ३ हे भारतीय मानक झालं. सगळ्या २२ भाषा वाचता याव्यात असं त्यात आहे. मेनूतही बहुतेक संचांत मराठी असतेच. ती लावून द्यायला चार बटणं लागतात. तेवढी दाबत नाहीत आणि मग म्हणायचं, लोकांना येत नाही.

मोठा चौकोनी सिमचा कप्पा असलेल्या फोनमध्ये नॅनो सिम प्लास्टिकच्या चौकटीशिवाय कोंबणारे तर हात तोडण्याच्या लायकीचे आहेत. सिम आत सरकतं, तिरकं बसतं, आणि चिमट्यानं ओढताना आतली पितळी पिनच वाकते. तीन रुपयांच्या चौकटीपायी फोन गेला.

हॅश बटण दाबून धरलं की बऱ्याच संचांत फोन मुका होतो. लुगड्याच्या ओच्यात, बंडीच्या खिशात ते दाबलं जातं. मग ऊसतोडीला गेलेला मुलगा कोल्हापूर-बेळगावच्या फडातून रात्री फोन करून थकतो, आणि इकडं बीडला आई फोन उशाशी घेऊन वाट बघत बसते की आज वाजला कसा नाही. पुन्हा हॅश दाबून धरलं की आवाज येतो. वाजत नसेल तर वर घंटेवर काट आहे का बघा, विमानाचं चित्र आहे का बघा. विमान असेल तर फ्लाइट मोड लागलाय, तो काढल्याशिवाय फोन येणारही नाही आणि जाणारही नाही. ही दोन चित्रं ओळखायला शाळा लागत नाही. माउलीला कुणी एकदा बोट ठेवून दाखवलेली नसतात, एवढंच.

पाच किंवा नऊ दाबून धरण्याचं तर कुणी सांगतच नाही. १ जानेवारी २०१७ पासून विकायच्या साध्या फोनांत यातलं एक बटण संकटाच्या कॉलसाठी ठेवायचा सरकारनं नियम केला. एकट्यानं शेतात राहणाऱ्या, विंचू-सापाच्या रानात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या हाती ही केवढी मोठी गोष्ट आहे! आपल्या संचात ते पाच आहे की नऊ, की आहेच की नाही, हे घेतानाच दुकानदाराकडून विचारून घ्या. तसं नसेल तर ११२ हे तीन आकडे पाठ करून घ्या. आणि लेकीचा नंबर स्पीड डायलला लावताना हे बटण सोडून दुसऱ्या आकड्यावर लावा.

पिनचा घोळ अजून वेगळा. सिमचा पिन आणि फोनचा लॉक कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोरं खेळता खेळता सिमचा पिन चालू करून ठेवतात, मग कुणीतरी शहाणा १२३४, ००००, ११२२ असे अंदाज मारतो. तीनदा चुकलं की सिम आठ आकडी पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतं. तिथं थांबा! हात जोडून सांगतो, तिथं थांबा. पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं गेलं. सिम ज्या कार्डातून तोडून काढलं त्यावर बऱ्याचदा तो छापलेला असतो. नाहीतर कंपनीच्या ग्राहक सेवेत कागदपत्रं सांगून मिळतो. अंदाजानं सिम घालवलं तर नवं सिम घ्यायचं, आणि बदललेलं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर मेसेज येतच नाहीत. फसवणूक होऊ नये म्हणून ठेवलेला हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. पण त्या २४ तासांत म्हातारा पुन्हा सेवा केंद्रात जातो, ओटीपी येत नाही आणि पुन्हा तेच ऐकून घेतो, फोन फेका म्हणून.

पडद्यावर अचानक उगवणाऱ्या त्या मेसेजांनी माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. भजनं ऐका, भविष्य ऐका, क्रिकेटचा स्कोअर घ्या. खाली 'ओके'. म्हाताऱ्या माणसाला वाटतं, समोरचं घालवायला ओके दाबायचं असतं. फोननं त्याला तेच शिकवलंय. ओके दाबलं की ती सेवा चालू करायचा रस्ता उघडतो. २०१३ पासून ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे की ग्राहकाकडून दोनदा होकार घेतल्याशिवाय पैसे कापायचे नाहीत, पण समोर दुसऱ्यांदाही ओकेच आलं तर तो दुसऱ्यांदाही ओकेच दाबणार की. घरातल्या प्रत्येक वयस्कर माणसाला एकच सांगून ठेवा. आपण मेनू उघडला नसताना काही आलं तर ओके नाही, लाल बटण. पैसे कापले गेले असतील तर १५५२२३ वर फोन लावून सेवा बंद करा. जाहिरातींचे फोन-मेसेज नको असतील तर START 0 असं इंग्रजीत लिहून १९०९ ला मेसेज पाठवा. जाहिराती कमी झाल्या की इनबॉक्सही भरत नाही.

इतकी वर्षं बटणाच्या फोनवाल्याला रिचार्जमध्ये इंटरनेटचे पैसे भरायला लावले, ते वेगळंच. ज्या फोनमध्ये नेट उघडतच नाही त्याला रोजचा दीड जीबी! डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं सांगितलं तेव्हा कुठं नुसत्या कॉल आणि मेसेजची पॅक आली. पण गावातल्या दुकानात जाऊन बघा, आजही विचारल्याशिवाय ते पॅक कुणी सांगत नाही. जालना असो, हिंगोली असो, म्हाताऱ्यानं नोट पुढं केली की अठ्ठावीस दिवसांचं नेटवालं मारून मोकळे. 'नेट नको, फक्त बोलायचं पॅक द्या' एवढं वाक्य घरच्यांनी त्यांच्याकडून घोकून घ्या.

आणि जोड सिमवाल्या फोनचं एक. शेतात पाण्याच्या मोटारीला कॉलवर चालू करणारा मोबाईल स्टार्टर बसवला की तो फक्त नोंदवलेल्या नंबरचाच कॉल मानतो. बाबांच्या फोनमध्ये दोन सिम. कॉलची सेटिंग पोरानं कधी तरी बदलून सिम २ केलेली असते. रात्री बाराला लाइट येते, बाबा घरून कॉल लावतात, रिंग जाते, मोटार चालू होत नाही. स्टार्टर बिघडला समजून मेकॅनिकला चारशे-पाचशे दिले जातात. सेटिंगमध्ये जा, दोन सिमचा पर्याय उघडा, कॉलसाठी नोंदवलेलं सिम कायमचं लावा. 'दरवेळी विचारा' तर अजिबात ठेवू नका, कारण अंधारात चष्म्याशिवाय एक आणि दोन सारखेच दिसतात. मेकॅनिकला बोलवायच्या आधी हे बघा. आणि मेकॅनिकहो, तुम्हीही पैसे घ्यायच्या आधी हे बघा.